प्रवासाची आठवण आणि सुईदोरा

सावंतवाडीचीं लाकडी फळें, आग्र्याचा चिमुकला ताजमहाल अशा प्रवासाहून आणलेल्या वस्तू घरोघर कपाटांत मांडलेल्या असतात. आपण तेथें गेलों होतों, एवढेंच त्या सांगतात. काय पाहिलें, हें त्यांस सांगतां येत नाहीं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील १९ व्या शतकांतल्या एका काश्मिरी शालीवर अवघें श्रीनगर भरतकामानें उमटविलेलें आहे. मोजणीदाराच्या मापास ती उतरणार नाहीं. परंतु नदी, पूल, बागा यांपैकीं कशास किती जागा द्यावी, हें भरणाऱ्या हातानें ठरविलें आहे. स्मृति तरी दुसरें काय करिते? म्हणून सहलीहून परतणारांनीं छापील नमुना दूर सारून स्वतः पाहिलेला एखादा घाटच रुमालावर भरावा. टांका वांकडा पडला, तरी आठवण आपली राहील.