भिंतीवरची रांग

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, चित्रपटांचे तर होतेच. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांचे परीक्षण कोणी केलेले आमच्या पाहण्यात नाही. खरे तर पाठ्यपुस्तक मुले एक वर्ष वाचतात आणि तक्त्याकडे पाच वर्षे बघतात. तेव्हा आज एका तक्त्याविषयी.

थेरगावातल्या एका शाळेच्या विज्ञानकक्षात दारासमोरच तो टांगलेला आम्ही पाहिला. डावीकडे पाठीत वाकलेला, केसाळ प्राणी; त्याच्यापुढे थोडा ताठ, त्याच्यापुढे आणखी ताठ; अगदी उजवीकडे छाती काढून निघालेला गोरापान पुरुष. खाली ठळक अक्षरांत 'मानवाची उत्क्रांती'. वाचकांपैकी प्रत्येकाच्या शाळेत याचा एखादा भाऊबंद असणारच.

तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात प्रश्नपेटी ठेवली आहे. हा धडा झाल्यावर पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या त्यांनी आमच्यासमोर ठेवल्या. बहुतेक नेहमीच्याच होत्या. माकडापासून माणूस झाला तर आता माकडांचा माणूस का होत नाही? तो होताना कोणी पाहिला? आपण मूळचे कुठले? एका चिठ्ठीवर मात्र नाव नव्हते आणि प्रश्नही नव्हता. तिच्यात लिहिले होते, 'मला चौथा म्हणतात ते बंद करा.'

तक्त्यातली चौथी आकृती म्हणजे काळसर वर्णाची, पुढे आलेल्या भुवयांची. वर्गातल्या एका सावळ्या मुलाचे ते टोपणनाव पडले होते. हा लेख त्या चिठ्ठीमुळे लिहिला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या चित्राचा मूळपुरुष १९६५ सालचा. अमेरिकेतील टाइम-लाइफ प्रकाशनाने आदिमानवावर एक पुस्तक काढले. मजकूर क्लार्क हॉवेल या मानवशास्त्रज्ञांचा, चित्र रुडॉल्फ झालिंगर यांचे. घडी उलगडली की एकामागून एक पंधरा आकृत्या चालताना दिसत. त्या मजकुरात एक प्रामाणिक कबुली होती. सुरुवातीचे कपी चार पायांवर चालणारे होते, पण तुलना सोपी जावी म्हणून सगळे उभे दाखवले आहेत, असे तिथे स्पष्ट म्हटले होते. रांगेतल्या काहींचा वंश पुढे चाललाच नाही, हेही मजकुरात होते. चित्र जगभर गेले. मजकूर त्या पुस्तकातच राहिला. नकलाकारांनी पंधराचे सहा केले, पाच केले, आणि सोयीसाठी घेतलेली पोझ हाच सिद्धांत होऊन बसला.

त्याआधी १८६३ मध्ये हक्सले यांच्या पुस्तकाच्या आरंभी गिबन, ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला आणि माणूस यांचे सांगाडे असेच ओळीने छापले होते. त्यातला गिबन दुपटीने मोठा काढलेला होता, आणि तसे खाली नमूदही केले होते. अशा नोंदी वाचतो कोण? स्टीफन जे गूल्ड यांनी या शिडीवजा चित्रावर १९८९ मध्ये सडकून टीका केली, तेव्हा त्यांना हेही सांगावे लागले की त्यांच्याच पुस्तकांच्या परभाषांतील अनुवादांवर हीच रांग मुखपृष्ठ म्हणून छापली गेली होती.

झालिंगर यांच्या रांगेत 'रामापिथेकस' हा गृहस्थ ऐटीत उभा आहे. हा आपल्याकडचा. १९३२ साली शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या जबड्याच्या तुकड्यावरून त्याची ओळख झाली आणि पुढे काही दशके त्याला मानवाचा आद्य पूर्वज मानले गेले. जबडा आणि दात एवढ्याच भांडवलावर चित्रकाराने त्याला पाय दिले, चाल दिली. १९८० च्या सुमारास पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसच्या चेहऱ्याची बरीच हाडे मिळाली. तो चेहरा ओरांगउटानच्या जवळचा निघाला, आणि रामापिथेकस हा त्याच कुळातला ठरून यादीतून गेला. आपल्या तक्त्यांतून आणि मार्गदर्शकांतून मात्र तो अजून निवृत्त झालेला नाही.

आता चिठ्ठ्यांकडे वळू. 'माकडांचा माणूस का होत नाही' हा प्रश्न मुलाला सुचतो तो रांगेमुळेच. रांगेत मागचा पुढे सरकतो. मग मागे उभे असलेले माकड अडले कुठे? याचे उत्तर थेरगावात देणे फार सोपे आहे. या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे आईवडील कारखान्यांतल्या कामासाठी लातूर, बीड, सोलापूर, खानदेश, नाहीतर थेट बिहारमधून आलेले. मुलाला विचारावे, 'गावाकडचा तुझा चुलतभाऊ तुझा आजोबा आहे का?' वर्ग हसतो. आजोबा दोघांचे एकच. एक घर गावी राहिले, एक इकडे आले, आणि दोन्ही घरे आपापल्या परीने बदलली. चिंपांझी हा आपला असा चुलतभाऊ. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा आपला आणि त्याचा समाईक पूर्वज ना चिंपांझी होता ना माणूस. डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती फांद्याफांद्यांची आहे. रांग त्यात कुठेच नाही.

'कोणी पाहिले?' ही चिठ्ठी पाहून आम्हाला जानेवारी २०१८ आठवला. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील एका संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितले वा लिहिले नाही, म्हणून हा सिद्धांत चूक आहे आणि तो पाठ्यपुस्तकांतून बदलला पाहिजे. देशातील तीनही विज्ञान अकादमींनी याचा संयुक्त पत्रकाद्वारे प्रतिवाद केला. तो योग्यच होता. पण आम्हाला प्रामाणिकपणे वाटते की मंत्रिमहोदयांनी नाकारली ती ही रांग. एखादे वानर उठून उभे राहिले आणि माणूस झाले, असे घडलेच नाही. मग ते कोण पाहणार? तक्त्यावर विश्वास ठेवणारा आणि उत्क्रांती नाकारणारा, दोघे एकाच चित्राकडे बघत असतात. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. महाराष्ट्राच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलेच प्रकरण होते. म्हणजे आपल्याकडे धडा टिकला. त्याच्याशेजारी टांगलेले चित्र काय शिकवते याची चौकशी कोणी केली नाही.

तक्त्याचा खरा अपराध रंगाचा आहे. काळ्याकडून गोऱ्याकडे जाणे म्हणजे प्रगती, असे तो अक्षरही न लिहिता सांगतो. वस्तुस्थिती अशी की आपल्या जातीचे, म्हणजे होमो सेपियन्सचे, सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे, मोरोक्कोतले. पूर्णपणे आधुनिक असलेले आपले पूर्वज आफ्रिकेतले, आणि बहुधा काळेच होते. ब्रिटनमध्ये सुमारे १०,००० वर्षांपूर्वी राहणाऱ्या 'चेडर मॅन'ची त्वचाही सावळी किंवा काळी असावी, असे त्याच्या डीएनएवरून २०१८ मध्ये सांगण्यात आले. त्वचेचा रंग ऊन किती यावर ठरत गेला. त्याचा शहाणपणाशी संबंध नाही.

हा वाद पुण्याला नवा नाही. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे शिकत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो का, हा त्यांचा विषय. गुरूंची अपेक्षा होती की युरोपीय कवट्या वेगळ्या निघाव्यात. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे गुरूंना न रुचणारे उत्तर लिहून दिले. डेक्कन कॉलेजात त्यांनी पुढे मानवशास्त्र शिकवले, ते या अनुभवानंतर. ज्या जिल्ह्यात त्या शिकवत होत्या, तिथल्याच भिंतीवर हा तक्ता आहे.

तक्ता काढून टाका, असे आम्ही बाईंना सुचवले. त्यांनी आमचे ऐकले नाही, हे बरे झाले. त्यांनी मुलांकडून आकृत्या कापून घेतल्या आणि व्हरांड्यात सात मीटर लांबीची कागदी पट्टी लावली. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. उजवे टोक म्हणजे आज. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली 'ल्युसी' ३ मीटर २० सेंटिमीटरवर. होमो सेपियन्स शेवटच्या ३० सेंटिमीटरांत. निअँडरथल ४ सेंटिमीटर आधी संपतात. पण आफ्रिकेबाहेरच्या बहुतेकांच्या डीएनएत त्यांचा सुमारे दोन टक्के वाटा असल्याने मुलांनी त्यांच्यापासून आपल्यापर्यंत एक दोरा ओढला आहे. इनामगावची शेतकरी वस्ती साडेतीन मिलिमीटरवर येते. ती लिहायला जागाच पुरली नाही. डाव्या टोकाला समाईक पूर्वजासाठी कोरे कार्ड आहे.

चौथी आकृती, होमो इरेक्टस, एका जागी बसेना. ती सुमारे १ मीटर ९० पासून ११ सेंटिमीटरपर्यंत पसरली, म्हणून मुलांनी तिच्यासाठी लांब पट्टी कापली. सगळ्या पट्टीत एवढी टिकलेली दुसरी मानवजात नाही, आणि ती आपल्या ३० सेंटिमीटरांत पार शिरलेली दिसते. रांगेत मागे असलेला इथे शेजारी निघाला. 'चौथा म्हणणे थांबले का?' असे आम्ही विचारले. 'कमी झालेय, बंद नाही,' बाई म्हणाल्या.

जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडीच्या काठी सापडलेल्या दगडी हत्यारांचे कार्ड कुठे लावायचे, यावर मात्र वर्गात भांडण झाले. तिथल्या ज्वालामुखीच्या राखेचे वय एका मापनाने सुमारे चौदा लाख वर्षे येते, दुसऱ्याने ६ लाख ७० हजार, आणि ती सुमात्रातल्या टोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे असेही काही भूशास्त्रज्ञांचे मत आहे. बाकीची कार्डे डिंकाने चिकटवली आहेत. बोरीचे चिमट्याने लावले आहे.