दांडा तिच्या हाती

मिक जॅक्सन दिग्दर्शित 'टेंपल ग्रँडिन' हा चित्रपट २०१० साली अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर दाखवला गेला. लहानपणापासून स्वमग्न असलेली एक मुलगी पुढे पशुविज्ञानाची नामवंत प्राध्यापक होते, त्या खऱ्या आयुष्यावरचा हा चित्रपट. त्यामुळे त्याची ओळख बहुतेकदा जिद्दीची कहाणी अशी करून दिली जाते. तशी ती आहेच. मला मात्र तो मोलाचा वाटतो तो त्यातल्या एका लाकडी यंत्रासाठी. जीव घाबरा झाला की माणसाला शरीरापाशी काहीतरी लागतं: अंगावर जड पांघरूण, पोटाशी उशी, मुठीत आवळायला एखादी वस्तू. ही गरज आपण मोठेपणी लपवतो. तिच्याकडे इतक्या गांभीर्याने आणि मायेने पाहणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

गोष्ट सुरू होते १९६०च्या दशकात, अ‍ॅरिझोनात, आंट अ‍ॅनच्या गुरांच्या रँचवर. कॉलेजला जाण्याआधीची सुट्टी घालवायला टेंपल तिथे आली आहे. क्लेअर डेन्सने ही मुलगी आधी शरीरातून उभी केली आहे. पुढे झुकलेले खांदे, दाणदाण पडणारी पावलं, खोलीच्या मानाने नेहमीच मोठा लागणारा आवाज. पंख्याची घरघर, दाराचा खटका, माणसांची कुजबुज हे सगळं दिग्दर्शक आपल्याला तिच्या कानांनी ऐकवतो. त्यामुळे तिची घाबरगुंडी आपल्याला बाहेरून बघावी लागत नाही. पाच-दहा मिनिटांत आपल्यालाही जरा शांतता हवीशी वाटू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी कॅमेरा गुरांच्या खोड्यापाशी जातो.

आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यापुढे खोडा असतो. त्यात जनावर नुसतं अडकवतात. तिकडच्या खोड्याला दोन्ही बाजूंनी हलणाऱ्या फळ्या असतात. दांडा ओढला की त्या जवळ येतात, जनावराची मान पुढच्या चौकटीत धरली जाते आणि दोन्ही कुशींवर दाब बसतो. लस टोचायची म्हणून केलेली ही सोय. टेंपल मात्र लशीकडे बघत नाही. बिथरलेली गाय दाब बसताच कशी निवते, याकडे तिचं लक्ष आहे. पुढे तिला स्वतःला भीतीचा झटका येतो तेव्हा ती धावत जाऊन त्या खोड्यात शिरते आणि आंट अ‍ॅनला फळ्या आवळायला सांगते.

या प्रसंगात आंट अ‍ॅनचं काम करणाऱ्या कॅथरिन ओ'हाराकडे बघावं. घरी पाहुणी आलेली पोर गुरांच्या खोड्यात ओणवी उभी आहे आणि दांडा आपल्याला ओढायचा आहे. आंट अ‍ॅन बिचकते. पण 'हे काय भलतंच' असं म्हणत ती पोरीला बाहेर काढत नाही. मागितलेली मदत करते आणि थांबते. दुसऱ्याला कशाने बरं वाटतं हे आपल्याला कळलं नाही तरी त्याच्यावर विश्वास ठेवता येतो, एवढं सगळं त्या थांबण्यात आहे. चित्रपटातला सगळ्यात मोठ्या मनाचा क्षण मला हाच वाटतो.

खऱ्या टेंपल ग्रँडिन यांनी हा अनुभव आपल्या 'थिंकिंग इन पिक्चर्स' या १९९५च्या पुस्तकात लिहिला आहे, आणि तो पडद्यावर दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. फळ्या आवळल्या तेव्हा आधी त्या आणखी घाबरल्या. अंग ताठ झालं, सुटायची धडपड झाली, पण मान अडकलेली होती. काही सेकंदांनी शरीर सैल पडलं. अर्ध्या तासाने त्यांनी सोडायला सांगितलं आणि त्यानंतर तासभर मन शांत राहिलं. सुरुवातीची ती धडपड महत्त्वाची आहे. त्या वेळी दांडा दुसऱ्याच्या हातात होता.

म्हणूनच पुढे टेंपल स्वतःचं यंत्र बनवते तेव्हा त्यात झालेला बदल नीट बघण्यासारखा आहे. दोन फळ्या खालच्या बाजूने जोडलेल्या, मधे इंग्रजी व्हीसारखी घळ, आत माणूस ओणवा होऊन बसेल एवढी जागा. आणि फळ्या ओढायची सोय आतल्या माणसाच्या हाताशी. किती आवळायचं, किती वेळ, कधी सोडायचं, हे सगळं तिचं ती ठरवते. कल्पना गुरांच्या खोड्यातून आली असली तरी खोड्याचा मूळ न्यायच तिने उलटा केला आहे. आत अडकलेला जीव आणि दांडा धरलेला हात आता एकाच शरीरात आहेत.

हे किती मोठं आहे ते चित्रपटातला आईचा धागा सोबत धरला की कळतं. टेंपल चार वर्षांची असताना डॉक्टर तिच्या आईला सांगतो, की मुलीला आईची ऊब मिळाली नाही म्हणून असं झालं. त्या काळच्या वैद्यकशास्त्राचा हा खराखुरा, क्रूर समज होता. जूलिया ऑर्मंडने केलेली ती आई अवाक होते, कारण घरी घडत होतं ते याच्या नेमकं उलट. आई जवळ घ्यायला जायची आणि मुलगी लाकडासारखी ताठ होऊन निसटायची. मुलीलाही मिठी हवीच होती, पण मिठी समोरच्याच्या मर्जीने येते, समोरच्याच्या जोराने आवळते आणि त्याच्याच मर्जीने सुटते. ज्या मुलीला साधा स्पर्शही अंगावर आदळल्यासारखा वाटतो, तिने हे कसं सोसावं? लहानपणी ती सोफ्याच्या गाद्यांखाली शिरून बहिणीला वर बसायला सांगत असे, असं ग्रँडिन यांनी लिहिलं आहे. दाब हवा होता, पण आपण मागितलेला.

कॉलेजातला भाग चित्रपट जरा घाईने उरकतो. वसतिगृहातल्या खोलीत ते यंत्र पाहून सगळे हादरतात. मानसशास्त्रवाल्यांना त्यात काहीतरी लैंगिक विकृती दिसते आणि यंत्र मोडून टाकलं जातं. मग ती प्रयोग करून दाखवते, की इतर विद्यार्थीही त्यात बसले की निवांत होतात. पटकथेच्या सोयीने हा विजय पटकन मिळतो. प्रत्यक्षात ग्रँडिन यांचा या विषयावरचा शोधनिबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. खोल दाबाने येणारी शांती हा त्याचा विषय, आणि स्वमग्न रुग्ण, कॉलेजचे विद्यार्थी आणि जनावरं अशा तिघांचा विचार त्यात एकत्र केला आहे. हे एकत्र घेणं मला फार आवडतं. हलका, ओझरता स्पर्श शरीराला सावध करतो. गाईच्या अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरते. मोठ्या भागावर, सावकाश वाढत जाणारा, सारखा दाब शरीराला निववतो. यात माणूस आणि गाय, आजारी आणि धडधाकट, असा भेद फारसा उरत नाही.

आज अमेरिकेत आणि आपल्याकडेही वजनदार पांघरुणं, दाबायचे मऊ चेंडू, बोटांत फिरवायच्या चकत्या मिळतात. ऑफिसात, परीक्षेच्या दिवसांत, रात्री झोप येत नसताना लोक त्या वापरतात. वापराव्यात. त्यांना खुळचट म्हणणाऱ्यांना हा चित्रपट दाखवावा. आपल्या गोधडीनेही पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलं आहे: जुन्या सुती लुगड्यांचे थरावर थर, वर जवळजवळ घातलेले टाके, आणि त्या सगळ्याचं अंगावर येणारं ते ओळखीचं ओझं. पण असं काहीही दुसऱ्याला देताना, विशेषतः लहान मुलाला किंवा स्वमग्न मुलाला देताना, टेंपलच्या यंत्राची रचना डोळ्यांपुढे ठेवावी. पांघरूण ज्याच्या अंगावर आहे त्याला ते झटकून टाकता आलं पाहिजे. बळेबळे आवळलेलं दुपटं आणि मागून घेतलेलं दुपटं, दोन्हींचा दाब सारखाच असला तरी अंगाला ते वेगवेगळे लागतात.

चित्रपटाने एक गोष्ट गाळली याची मात्र मला हळहळ वाटते. ग्रँडिन यांची सुरुवातीची यंत्रं कडक होती, नुसत्या लाकडाची. पुढे त्यांनी त्यात जाड फोम बसवला आणि दाब मऊ केला. त्याच काळात त्यांना मांजर कसं धरावं ते उमगलं. आधी त्या मांजराला इतकं घट्ट आवळायच्या की ते पळून जाई. यंत्राने त्यांना जसं हलकेच धरलं, तसं त्यांनी मांजराला धरलं, आणि मांजर थांबू लागलं. स्वतःला निवांत करायची एखादी वस्तू माणसाला आत्ममग्न करते, कुबडी होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. पुढे मज्जाविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स ग्रँडिन यांच्यावर लिहिण्यासाठी कोलोरॅडोतल्या त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते स्वतःही त्या यंत्रात शिरले होते आणि त्यांनाही बरं वाटलं होतं.

डेन्स, ऑर्मंड आणि टेंपलच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांचं काम करणारे डेव्हिड स्ट्रॅथर्न या तिघांनाही या चित्रपटासाठी एमी पुरस्कार मिळाले. तिघेही त्याला पात्र होतेच. कथा १९८१ सालच्या, स्वमग्नतेवरच्या एका परिषदेपाशी थांबते. तिथे टेंपल अनोळखी पालकांपुढे उभी राहून आपल्याला काय होतं ते सांगते, आणि त्या बोलण्यात यंत्रही येतं. तेव्हा ते चालू होतं. चित्रपट आला त्याच वर्षी ग्रँडिन यांनी एका मुलाखतीत सांगितलं, की दोनेक वर्षांपूर्वी ते बिघडलं आणि दुरुस्त करायचं राहूनच गेलं. आता आपण माणसांनाच मिठी मारतो, असंही त्या म्हणाल्या. चाळीसेक वर्षं दांडा स्वतःच्या हाती ठेवल्यानंतर, साठी उलटल्यावर.