कोअर बदललं, पण प्रश्न कोण विचारणार?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, हे तर आयटीवाल्यांचं काम, आपला काय संबंध? संबंध एवढाच की त्या यंत्रणेत तुमचे-आमचे पैसे आहेत. बँकेच्या काउंटरवर 'सर्व्हर डाउन आहे, थोड्या वेळानं या' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्या वाक्यामागे जे असतं, त्यातला मोठा भाग म्हणजे कोअर बँकिंग. आणि हे कोअर आता जुनं झालंय, डिजिटल युगात ते बदलायलाच हवं, असं आपल्याला सतत सांगितलं जातं.

आज मला या सांगण्याची चिकित्सा करायची आहे. बदलाला माझा विरोध नाही. आक्षेप निदानावर आहे. 'जुनं सॉफ्टवेअर हा रोग आणि नवं सॉफ्टवेअर हे औषध' हे निदान ऐकायला सोपं आहे, विकायलाही सोपं आहे. पण गेल्या काही वर्षांतले मोठे अपघात उघडून पाहिले, तर दोष सॉफ्टवेअरच्या वयात सापडत नाही. तो सापडतो दोन यंत्रणांच्या जोडात, आणि 'आपली तयारी झालेली नाही' हे वेळेवर न म्हणण्यात.

आधी कोअर म्हणजे काय ते पाहू. कोअर म्हणजे बँकेचं मुख्य लेजर. कोणाच्या खात्यात किती, व्याज किती, हप्ता कधी, याची अंतिम नोंद. पूर्वी हे लेजर शाखेत असायचं, जाडजूड वह्यांमध्ये. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग शाखांचं संगणकीकरण झालं, आणि २००० नंतरच्या दशकात शाखाशाखांची लेजरं उचलून एका डेटा सेंटरमध्ये नेली गेली. ग्राहक शाखेचा होता, तो बँकेचा झाला. हा बदल खरोखर मोठा होता.

पण त्या लेजरच्या पोटात एक जुनं गृहीतक तसंच राहिलं: दिवस संपतो. संध्याकाळी काउंटर बंद होतं, मग 'डे-एंड' चालतं, व्याजाचा हिशेब लागतो, उभ्या सूचनांप्रमाणे पैसे वळते होतात, आणि सकाळी नवा दिवस उघडतो. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि हा दिवस संपेनासा झाला. रात्री बारा वाजता कोणी दहा रुपयांचा चहा घेतो, त्याचीही नोंद खात्यात पडायला हवी. म्हणजे ताण खरा आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आता 'जुनं' या शब्दाकडे या. बँकेचं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे नुसता जुना कोड नसतो. घेतलेल्या निर्णयांचे थर असतात ते. इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, 'दहा तारखेच्या आत पैसे भरा' असं घरात सांगायचे. कारण बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळायचं. ११ तारखेला पन्नास हजार भरलेत तर त्यावर त्या महिन्याचं व्याज शून्य. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेनं हे बदललं, व्याज रोजच्या शिलकीवर सुरू झालं. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये बचत खात्याचे दर ठरवायची मोकळीक बँकांना मिळाली. एक लाखापर्यंत सगळ्यांना एकच दर, त्यावर वेगळा दर ठेवता येईल अशी. प्रत्येक वेळी कोअरमध्ये एक नवा थर चढला.

आता कल्पना करा, असे शेकडो नियम आहेत, आणि ते लिहिणारी माणसं निवृत्त झाली आहेत. कागदावर काहीच पूर्ण नाही. नियम फक्त कोडला माहीत आहेत. अशा वेळी नवं सॉफ्टवेअर आणणं हे घर बदलण्यासारखं होत नाही. आपल्याच बँकेचे नियम पुन्हा शोधून काढण्याचं ते काम असतं. सादरीकरणात या कामाला एखादी ओळ मिळते आणि नव्या ॲपच्या रंगांना दहा पानं. माझी पहिली तक्रार ही आहे.

दुसरा मुद्दा तारखेचा. इथे ब्रिटनमधल्या टीएसबी या बँकेचं उदाहरण घ्यावंच लागेल, कारण इतकी तपशीलवार चौकशी फार थोड्या बँकांची झाली आहे.

टीएसबी आधी लॉइड्स या मोठ्या बँकेचा भाग होती. आर्थिक संकटात लॉइड्सनं सरकारी मदत घेतली, त्या बदल्यात काही शाखा वेगळ्या करणं भाग पडलं, आणि २०१३ मध्ये टीएसबी वेगळी झाली. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेनं ती विकत घेतली. पण कोअर अजून लॉइड्सचंच, भाड्यानं वापरलेलं. त्यामुळे ५२ लाख ग्राहकांची खाती सबादेलच्या यंत्रणेवर न्यायचं ठरलं. जुन्या मालकाला भाडं किती दिवस द्यायचं? निर्णय म्हणून यात चूक काहीच नव्हती.

२०१८ च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारी हे स्थलांतर झालं. गंमत बघा, माहिती नीट हलली. खात्यांतले आकडे बरोबर पोहोचले. कोसळलं ते त्यावरचं सगळं: इंटरनेट बँकिंग, मोबाईल, शाखांमधली कामं, फोनवरची मदत. काहींना दुसऱ्यांच्या खात्यांची माहिती दिसली. गोंधळाचा फायदा भामट्यांनी घेतला. कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. ग्राहकांना ३.२७ कोटी पौंड भरपाई द्यावी लागली, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या दोन नियामकांनी मिळून ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला.

बँकेच्याच संचालक मंडळानं नेमलेल्या वकिली संस्थेचा चौकशी अहवाल २०१९ मध्ये आला. तो मोठा आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी सांगतो. एक, दोन डेटा सेंटरं एकाच वेळी काम करणार होती, आणि भाराची चाचणी घेतली फक्त एकावर. दोन, आधी शेवटची तारीख ठरली आणि मग कामं त्या तारखेत बसवत मागे मागे येणं झालं. पहिली तारीख चुकली तेव्हा काही कामं सात महिन्यांपर्यंत मागे होती. तरी नवं वेळापत्रक साधारण चारच महिन्यांनी पुढे सरकलं. हे कसं शक्य आहे, हा साधा प्रश्न संचालक मंडळानं विचारायला हवा होता, असं अहवाल म्हणतो.

यात कोबोल कुठे आहे? जुनं तंत्रज्ञान कुठे आहे? सात वजा चार ही वजाबाकी आहे. ती करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. लागतो तो भर सभेत हात वर करणारा माणूस. आणि माझ्या मते त्या अहवालाचा खरा धडा इथे आहे, पण आपल्याकडे त्या प्रकरणाचा उल्लेख होतो तो 'चाचण्या जास्त करा' एवढ्यापुरता. चाचणी जास्त करूनही भागणार नाही, जर नापास झाल्यावर तारीख पुढे ढकलायचा अधिकार कोणाकडेच नसेल.

आता आपल्याकडे येऊ. पहिलं उदाहरण मुंबईतलंच. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा २०१८ च्या सुरुवातीला उघड झाला. रक्कम पुढे तेरा हजार कोटींच्या वर गेली. ही बँक काही वह्यांवर चालत नव्हती. तिच्याकडे कोअर बँकिंग होतं. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी स्विफ्ट ही यंत्रणाही होती. नव्हता तो दोघांमधला जोड. स्विफ्टवरून हमी गेली तरी कोअरमध्ये तिची नोंद आपोआप पडत नव्हती. ती माणसानं करायची, आणि त्यानं केली नाही. हे वर्षानुवर्षं चाललं. स्विफ्टच्या गैरवापराबद्दल २०१६ पासून आपण बँकांना सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेनं नंतर सांगितलं, आणि जोडणीसाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत घातली. म्हणजे दोन आधुनिक यंत्रणा शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि मधल्या फटीतून हजारो कोटी गेले.

दुसरं उदाहरण उलट प्रकारचं. एचडीएफसी बँक तंत्रज्ञानात पुढे असलेली म्हणून ओळखली जाते. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला सांगितलं, कारण दोन वर्षांत सेवा वारंवार बंद पडल्या होत्या. त्यातली एक वेळ तर मुख्य डेटा सेंटरचा वीजपुरवठा गेल्यामुळे. सगळे निर्बंध उठायला मार्च २०२२ उजाडला. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर तशीच वेळ आली. तिथे रिझर्व्ह बँकेनं जे दोष मोजले ते वाचण्यासारखे आहेत: यंत्रसामग्रीची यादी ठेवणं, सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या वेळेवर बसवणं, कोणाला कुठवर प्रवेश आहे हे पाहणं, व्हेंडरची जोखीम, आपत्तीतून सावरण्याची तयारी. यात झगमगीत असं काहीच नाही. सगळी घरकामं आहेत. घरकामाचा सत्कार होत नाही, उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे पडतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल: 'मग जुनंच चालू ठेवायचं का?' नाही. पण बदलाची एकच रीत नाही. यूपीआय लाइट बघा, २०२२ मध्ये आलं. त्यात थोडे पैसे आधी बाजूला काढून ठेवता येतात, आणि चहा-वडापावचे छोटे व्यवहार दर वेळी कोअरला हात न लावता होतात. कोअर तेच राहिलं, त्याच्यावरचं ओझं कमी झालं. कोणतं काम लेजरनं करायलाच हवं आणि कोणतं बाहेर नेता येईल, हे आधी ओळखलं. मला हे खरं आधुनिकीकरण वाटतं: एक काम बाहेर काढा, चालतंय का बघा, मग पुढचं.

आता शेवटचा आणि आपल्या सगळ्यांत जवळचा मुद्दा. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. छोट्या बँकेला स्वतःचं कोअर परवडत नाही, म्हणून ती एखाद्या सेवा पुरवठादाराकडून घेते. ते योग्यच आहे. पण जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० छोट्या बँका किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून काही काळ तोडाव्या लागल्या. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. लवकर सावरलं, पण रचना उघडी पडली. बँकांच्या पाट्या तीनशे, आणि दरवाजा एक.

सेवा बाहेरून घेता येते, जबाबदारी बाहेर देता येत नाही. टीएसबीच्या प्रकरणात २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला व्यक्तिशः दंड झाला, तो याच कारणासाठी: पुरवठादार तयार आहे की नाही याची त्यानं पुरेशी खातरजमा केली नव्हती.

इथे बसलेले आणि ऑनलाइन ऐकणारे बरेच जण कुठल्या ना कुठल्या सहकारी बँकेचे सभासद असतील. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण लाभांश किती ते विचारतो, भेटवस्तू कोणती तेही विचारतो. या वर्षी आणखी तीन प्रश्न विचारा. मुख्य डेटा सेंटर बंद करून पर्यायी सेंटरवर बँक शेवटची कधी चालवून पाहिली? कोअरला न जोडलेलं, हातानं नोंद करावं लागणारं काम अजून कोणतं आहे? आणि नवी यंत्रणा येणार असेल तर 'तयारी झालेली नाही, तारीख पुढे ढकला' असं म्हणायचा अधिकार नेमका कोणाला आहे, त्याचं नाव सांगा.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कदाचित फायलीत मिळतील. तिसऱ्याला व्यासपीठावर शांतता पसरली, तर सॉफ्टवेअर कितीही नवं असो, तुमची बँक अजून जुनीच आहे असं समजा.