‘कीचकवधा’तील भीम

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांच्या ‘कीचकवध’ या गद्य नाटकातील सूडनायक. महाराष्ट्र नाटक मंडळीने हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आणले. कथानक महाभारताच्या विराटपर्वातील आहे. पांडवांच्या अज्ञातवासात विराटाचा मेहुणा व सेनापती कीचक सैरंध्रीची (द्रौपदीची) अभिलाषा धरतो आणि बल्लव या नावाने आचारी म्हणून राहिलेला भीम त्याचा वध करतो.

कथेचा शेवट प्रेक्षकांस आधीच ठाऊक असतो. भीमाच्या बाहुबलाविषयीही शंका नसते. त्यामुळे नाट्याचा ताण त्याच्या कृतीपेक्षा तिला होणाऱ्या अडवणुकीत आहे. ओळख उघड झाल्यास पुन्हा बारा वर्षांचा वनवास ठरलेला. शिवाय ज्येष्ठ बंधूची आज्ञा मोडता येत नाही. मूळ कथेतही कंक झालेला युधिष्ठिर भर सभेत भीमाला आवरतो. खाडिलकरांनी त्या क्षणाचा विस्तार करून सौम्य उपायांचा आग्रह धरणारा कंकभट्ट व प्रतिकारास उतावीळ झालेला भीम यांचा संघर्ष नाटकाच्या केंद्रस्थानी आणला. वधाचे स्थळही नर्तनशालेऐवजी भैरवाचे देऊळ असे योजून त्यांनी सूडाला दैवी शासनाची छाया दिली.

खाडिलकरांवरील शेक्सपिअरचा प्रभाव ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात स्पष्ट दिसतो. परंतु हॅम्लेटचा अडसर त्याच्या मनातच असतो, तर भीमाचा बाहेर. या दृष्टीने तो ‘मॅक्बेथ’मधील मॅक्डफला अधिक जवळचा आहे, दोघांच्याही सुडात कुटुंबावरील आघात व राजसत्तेचा अन्याय एकत्र येतात.

समकालीनांनी कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत पराधीन देश, कंकभट्टात मवाळ व भीमात जहाल पक्ष पाहिला. सुरतेची फूट त्याच वर्षाच्या अखेरीस पडली. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला जॅक्सनचा वध झाला, तोही नाट्यगृहात. त्यानंतर लवकरच, १९१० मध्ये, सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यान्वये ‘कीचकवधा’वर बंदी घातली. पुराणातील भीमाला प्रेक्षक वर्तमानातील प्रश्नाचे उत्तर मानतील, ही धास्ती त्यामागे होती.

तथापि रूपक हेच या भूमिकेचे सर्वस्व नव्हे. कर्झन १९०५ मध्येच व्हाइसरॉयपदावरून गेला होता. अन्यायापुढे आज्ञापालनाची मर्यादा कोठे संपते, हा प्रश्न मात्र त्याच्याबरोबर गेला नाही. भूमिकेची उणीवही येथेच आढळते. भीमाला सुडाच्या न्याय्यतेविषयी कधीच संदेह पडत नाही. त्यामुळे त्याच्या अंगी वीररस उत्कट असला, तरी शोकात्मिकेतील अंतर्द्वंद्व येत नाही. ते कंकभट्टाच्या वाट्याला आले आहे : पत्नीची विटंबना पाहत असताही त्याला संयमाचा उपदेश करावा लागतो. त्याच्या या कोंडीच्या पार्श्वभूमीमुळेच भीमाचा क्रोध केवळ आडदांडपणा न वाटता न्यायाची मागणी वाटतो.