दुरुस्ती आणि परिष्करण : डार्थ व्हेडरच्या फायबरग्लास मुखवट्याच्या प्रतिकृतीच्या निमित्ताने

प्रास्ताविक

चित्रपटातील वेशभूषेचा विचार समीक्षेत बहुधा पात्राच्या अनुषंगाने केला जातो. वेश ही स्वतंत्र वस्तू आहे, ती कोणीतरी घडविते, ती झिजते, तडकते आणि तिच्या प्रतिकृतीही निघतात, या बाजूकडे क्वचितच लक्ष जाते. चित्रपटातील चिलखते व शिरस्त्राणे यांच्या फायबरग्लासमधील प्रतिकृती तयार करणे, जुन्या प्रतिकृती मिळवून त्या दुरुस्त करणे व त्यांना अधिक रेखीव रूप देणे ही आज जगभर रूढ झालेली हौशी कारागिरी आहे. या कारागिरीत ‘दुरुस्ती’ आणि ‘परिष्करण’ ही दोन कामे एकाच ओघात, एकाच पुट्टीने व एकाच पॉलिश पेपरने केली जातात. परंतु ही दोन कामे एकमेकांना पूरक असतातच असे नाही. पुष्कळदा ती परस्परविरोधी असतात. ‘स्टार वॉर्स’ (1977) या चित्रपटातील डार्थ व्हेडर या पात्राच्या मुखवट्याच्या आधारे हा विरोध स्पष्ट करणे व त्यातून दुरुस्तीचा एक निकष मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ वस्तूचे स्वरूप

जॉर्ज लुकास दिग्दर्शित या चित्रपटाचे स्टुडिओतील बरेचसे चित्रीकरण 1976 मध्ये इंग्लंडमधील एल्स्ट्री येथे झाले. व्हेडरच्या मुखवट्याची मूळ कल्पना राल्फ मॅक्वारी यांच्या संकल्पनाचित्रांतून आली. या पात्राला एका यानातून दुसऱ्या यानात निर्वात अवकाशातून जावे लागेल, तेव्हा त्याला श्वसनाचे साधन हवे, या व्यावहारिक विचारातून तो मुखवटा जन्मला. वेशभूषाकार जॉन मोलो यांनी त्या कल्पनेला प्रत्यक्ष वेशाचे रूप दिले. शिल्पकार ब्रायन मुइर यांनी मुखवटा व शिरस्त्राण मातीत घडविले. त्यावरून साचे घेऊन फायबरग्लासच्या प्रती काढण्यात आल्या.

या मुखवट्याविषयी दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, तो सममित नाही. मातीत हाताने घडविलेला असल्यामुळे त्याची डावी व उजवी बाजू तंतोतंत जुळत नाही. दुसरी गोष्ट रंगाची. प्रेक्षकाच्या स्मृतीत हा मुखवटा निखळ काळा असला, तरी 1977 च्या मुखवट्याचे काही भाग काळे, तर काही बंदुकीच्या पोलादासारखे करडे रंगविलेले होते. या दोन छटांमुळे निश्चल मुखवट्यातील उंचसखलपणा प्रकाशात उठून दिसतो. बोलताना ज्याचे ओठ हलत नाहीत व डोळे दिसत नाहीत, अशा चेहऱ्याला भाव प्राप्त होतो तो मान वळताच त्याच्यावरून सरकणाऱ्या प्रकाशामुळे. दोन्ही बाजू किंचित भिन्न असल्यामुळे प्रत्येक वळणावर तो चेहरा थोडा वेगळा भासतो. सारांश, कारागिरीच्या दृष्टीने ज्यास दोष म्हणावे, तेच येथे अभिनयाचे एक साधन ठरले आहे.

प्रतिकृतीतील दोषांचे तीन प्रकार

अशा मुखवट्याची जुनी प्रतिकृती दुरुस्तीसाठी हाती येते, तेव्हा तिच्यात अनेक दोष आढळतात. त्यांचे वर्गीकरण केल्याविना पॉलिश पेपर हाती घेणे योग्य नव्हे. माझ्या मते हे दोष तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार काळाने आणलेल्या दोषांचा. फायबरग्लास म्हणजे काचतंतूंच्या थरांत मुरवून घट्ट केलेले रेझिन. प्रतिकृतींसाठी ते बहुधा पॉलिएस्टर असते. आघाताने किंवा ताणाने त्याच्या वरच्या थरावर, म्हणजे जेलकोटवर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. सूर्यप्रकाशाने रेझिन पिवळे पडते. पातळ कडा तुटतात व थर एकमेकांपासून सुटतात.

दुसरा प्रकार प्रतिकरणाच्या प्रक्रियेतून आलेल्या दोषांचा. साच्याच्या सांध्यांच्या रेघा, जेलकोटखाली अडकलेले हवेचे बुडबुडे, साच्यातून घाईने काढल्यामुळे आलेला बाक हे दोष यात मोडतात. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना घनफळात साधारणपणे 5 ते 8 टक्के आकसते. काचतंतूंमुळे हे आकुंचन कमी होत असले, तरी ते शून्य होत नाही. प्रतीवरून साचा, त्या साच्यातून पुन्हा प्रत, असे घडत गेले की प्रत्येक पिढीत आकार किंचित लहान होतो आणि कडांची धार बोथट होत जाते.

तिसरा प्रकार मूळ वस्तूतच असलेल्या दोषांचा. असममिती, हाताने मारलेल्या रंगाच्या अनियमित सीमारेषा, पृष्ठभागाचा सौम्य उंचसखलपणा ही त्याची उदाहरणे होत. हे प्रतिकृतीचे दोष नव्हेत. ती तिच्या अस्सलपणाची साक्ष होय.

अडचण अशी की, कारागिराच्या बोटांना हे तिन्ही प्रकार सारखेच लागतात. गालावरील फुगवटा मूळ शिल्पातला आहे, की साच्यातून लवकर काढल्यामुळे आला आहे, हे केवळ स्पर्शाने कळत नाही. ते ठरविण्यासाठी चित्रपटातील दृश्ये व मूळ वस्तूची छायाचित्रे यांच्याशी तुलना करावी लागते, आणि तीही सावधपणे. कारण जवळून घेतलेल्या छायाचित्रात चेहऱ्याची प्रमाणे बदलतात. म्हणून एकाच छायाचित्रावर विसंबून आकार बदलणे धोक्याचे असते.

परिष्करणाची तपासणी

आता रूढ पद्धतीकडे वळू. भेग थोडी रुंद करून, धूळ व मेण ॲसिटोनने पुसून, आतील बाजूने काचकापड व रेझिन लावून ती बुजविली जाते. बाहेरून पुट्टी भरली जाते. मग प्रथम जाड, नंतर बारीक, शेवटी पाण्याच्या पॉलिश पेपरने घासणी होते. प्रायमरवर भिन्न रंगाचा हलका फवारा मारून पुन्हा घासले जाते, जेणेकरून खोलगट जागा उघड व्हाव्यात. इथवरची रीत निर्दोष आहे. प्रश्न निर्माण होतो तो थांबावे कोठे याचा. फवाऱ्याने दाखविलेली प्रत्येक खोलगट जागा भरलीच पाहिजे, असे कारागिराला वाटू लागते आणि मोटारीच्या पत्र्याला शोभणारा सपाटपणा शिल्पाच्या वाट्याला येतो. पुढचे पाऊल म्हणजे एक बाजू प्रमाण मानून दुसरी तिच्याबरहुकूम करणे.

याच्या समर्थनार्थ ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (2005) या चित्रपटाचा दाखला देता येईल. त्या चित्रपटासाठी संगणकाच्या साहाय्याने व्हेडरचा मुखवटा सममित करण्यात आला होता. परंतु तो निर्मात्यांनी स्वतःच्या पात्राविषयी घेतलेला नवा निर्णय होता. कथेच्या क्रमात तो मुखवटा प्रथमच चेहऱ्यावर चढत होता व त्याचे यंत्रनिर्मित, कोरे दिसणे सार्थ होते. 1977 च्या मुखवट्याची म्हणून जपलेली प्रतिकृती त्याच न्यायाने सममित केली, तर ती कोणत्याच चित्रपटाची राहत नाही.

सेझारे ब्रांदी यांनी 1963 च्या आपल्या जीर्णोद्धारविषयक ग्रंथात कलाकृतीची संभाव्य एकात्मता पुन्हा साधावी, मात्र असे करताना कलात्मक वा ऐतिहासिक बनावट करू नये, अशी भूमिका मांडली. 1964 च्या व्हेनिस सनदेनेही वास्तूंच्या संदर्भात, जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे सांगितले. ही तत्त्वे अस्सल वस्तूंसाठी आहेत. तरीही प्रतिकृतीला ती गैरलागू ठरत नाहीत.

येथे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिलेला एक निर्णय उद्बोधक आहे. वाद त्याच चित्रपटातील सैनिकांच्या, प्लास्टिकच्या तापविलेल्या पत्र्यापासून घडविलेल्या शिरस्त्राणांचा होता. ती शिरस्त्राणे कायद्याच्या अर्थाने शिल्प नव्हेत; कलाकृती आहे तो चित्रपट आणि शिरस्त्राण हे त्याच्या निर्मितीतील एक उपयुक्त साधन, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी दुरुस्तीसाठी यातून एक दिशा मिळते. प्रतिकृतीचे इमान पडद्यावर दिसलेल्या रूपाशी असले पाहिजे. मुखवट्याची आतील बाजू पडद्यावर दिसत नाही. म्हणून बळकटीसाठी नवे काचकापड लावायचे ते तेथेच. दर्शनी भागावर मात्र काळाने जे नेले तेवढेच परत द्यावे.

एक आक्षेप

‘ही अखेर नक्कल आहे, नकलेचे एवढे सोवळे कशासाठी?’ असा आक्षेप येथे घेतला जाईल. वॉल्टर बेंजामिन यांनी 1930 च्या दशकातच दाखवून दिले होते की, कितीही परिपूर्ण प्रतिकृतीत मूळ वस्तूचे ‘येथे आणि आता’ असणे उतरत नाही. मग प्रतिकृतीत जपण्याजोगे काय उरते? उत्तर असे की, साम्य उरते आणि केवळ साम्यच उरते. मूळ मुखवट्याचा रंग उडाला वा कडा तुटली, तरी तो मूळच राहतो; त्याचे अस्तित्व साम्यावर अवलंबून नाही. प्रतिकृतीला असा आधार नाही. तिने साम्य गमावले की तिच्यापाशी काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून प्रतिकृतीच्या बाबतीत संयमाची गरज मूळ वस्तूहून कमी नव्हे, तर एका अर्थाने अधिकच आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जुनी प्रतिकृती हीदेखील कोणाच्या तरी हातचे काम असते. तिच्यातील बोजड सांधे व फसलेला रंग हा त्या अनामिक कारागिराच्या प्रेमाचा पुरावा आहे. तो पुसण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नाला निर्णायक उत्तर नाही. मात्र काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे घेणे, पुट्टीखाली ॲसिटोनमध्ये विरघळणाऱ्या ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर देणे, जेणेकरून पुढे कोणाला भरणी काढता यावी, आणि काय बदलले याची नोंद मुखवट्याच्या आतच लिहून ठेवणे, एवढे तरी निश्चितच करता येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, दुरुस्तीचा खरा निकष ‘किती गुळगुळीत झाले’ हा नसून ‘कोणता दोष कोणाचा’ हा आहे. काळाचा दोष दूर करावा, प्रतिकरणाचा दोष पुराव्यानिशी सुधारावा, आणि मूळ हाताचा दोष शिरोधार्य मानावा. परिष्करणाची हौस मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. घासता घासता वस्तू आपली वाटू लागते. पण व्हेडरच्या मुखवट्याला जी जिवंत भीषणता लाभली, ती एका शिल्पकाराच्या दोन हातांतील फरकामुळेही लाभली आहे. तो फरक घासून टाकणारा कारागीर वस्तू सुंदर करीत असेल. मुखवटा मात्र निर्जीव करतो.