लंगडची नक्कल

श्रीलाल शुक्ल यांच्या 'राग दरबारी'विषयी हिंदीत विपुल लिहिले गेले आहे. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या व लगेच पुढल्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीचे वर्णन बहुधा भ्रष्टाचारावरील उपहासकथा असे केले जाते. मध्य भारतातल्या आम्हां मराठी मंडळींना ती मुळातून वाचता येते. पण हे वर्णन आम्हांला पुरेसे वाटत नाही. भ्रष्टाचार तीत आहेच. सहकारी संघाच्या गोदामातला गहू ट्रकांत भरून पळवला जातो आणि संघाचे सूत्रधार वैद्यजी, ही तूट सरकारने अनुदान देऊन भरून काढावी, असा ठराव पुढे आणतात. प्रसंग खळखळून हसवणारा आहे. तथापि कादंबरीचे मर्म आम्हांला लंगड या दुय्यम पात्रापाशी सापडते.

लंगडला तहसील कचेरीतून एका जुन्या निकालाची नक्कल हवी आहे. नक्कलनवीस पाच रुपये मागतो. लंगडच्या हिशेबी दर दोन रुपयांचा. लाच द्यावी की नाही, असा हा वादच नव्हे. वाद केवळ दराचा. शब्दाने शब्द वाढतो आणि दोघेही प्रतिज्ञा करून बसतात. एकाने लाच न घेता कायद्यानेच नक्कल द्यायची, दुसऱ्याने लाच न देता कायद्यानेच ती घ्यायची. गळ्यात तुळशीची कंठी, एक पाय तुटलेला, असा हा माणूस मग कचेरीच्या खेपा घालू लागतो. अर्जात उणीव निघते, तिची सूचना फलकावर लागते, लंगड गावी असतो, अर्ज निकालात निघतो. अखेर नक्कल तयार होते तेव्हा तो तापाने अंथरुणाला खिळलेला असतो. मुदतीत कोणी न्यायला आले नाही, म्हणून ती फाडून टाकली जाते.

यात कोणता नियम मोडला गेला? एकही नाही. लंगड हरतो तो काटेकोर पाळलेल्या नियमांपुढे. पाच रुपयांनी जी वाट मोकळी झाली असती ती बंद होताच नियम आपल्या पूर्ण स्वरूपात त्याच्यासमोर उभा राहतो. शुक्ल स्वतः उत्तर प्रदेशात प्रशासकीय सेवेत होते. मुदतीचा काच कोणाला बसतो, हे त्यांना आतून ठाऊक असणार. उणीव किती दिवसांत कळवावी, याचे बंधन कचेरीवर नाही. कळवलेली उणीव किती दिवसांत दूर करावी, याचे अर्जदारावर मात्र आहे.

गावकरी लंगडला हसतात. वाचकही हसतो. शहरातून आलेला इतिहासाचा अभ्यासक रंगनाथ तेवढा अस्वस्थ होतो, पण त्याची अस्वस्थता कृतीपर्यंत पोहोचत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांची आडनावे फडणीस, चिटणीस, पोतनीस, दफ्तरदार अशी आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपले पूर्वज मेजाच्या आतल्या बाजूला बसले. दफ्तर चोख ठेवल्याचा अभिमान आपल्या घराण्यांत आजही आहे, आणि तो अनाठायी नाही. परंतु चोख दफ्तरातूनही समोरचा माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ शकतो, हे त्या बाजूने सहसा दिसत नाही. लंगडचा विषय निघाला की त्याच्या हेकेखोरपणाचीच चर्चा अधिक होते, याचे म्हणूनच आम्हांला नवल वाटत नाही.

मराठीत अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांनी सत्तेचे शिखर समर्थपणे रंगवले. मुख्यमंत्र्याची खुर्ची टिकते की जाते, ही तेथली उत्कंठा. सूचनाफलकाखाली उभा असलेला माणूस त्या उंचीवरून लहान दिसतो.

लंगडची मागणी मात्र कादंबरीबाहेर पुढे गेली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४च्या डिसेंबरपासून जनसुनावण्या भरवल्या आणि १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरले. मागणी काय, तर हजेरीपट आणि बिले यांच्या प्रती द्या. नकलाच! २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मुदतीचा काटा उलट फिरवला: तीस दिवसांत उत्तर नाही तर तो नकार मानायचा, पुढे ती माहिती विनाशुल्क द्यायची, आणि अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड. पहिल्या अपिलालाही मुदत आहे. आयोगापुढल्या दुसऱ्या अपिलाचा निकाल किती दिवसांत लागावा, हे मात्र कायद्याने सांगितलेले नाही. शिवाय आयुक्तांचा पाच वर्षांचा कार्यकाल कायद्यातच लिहिलेला होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ठरवणे केंद्र सरकारकडे गेले आणि त्याच वर्षीच्या नियमांनी तो तीन वर्षांवर आला. ज्याच्याकडून हिशेब घ्यायचा त्यानेच हिशेबनिसाची मुदत ठरवावी, ही योजना वैद्यजींनाही सुचली असती.

शुक्लांविषयी आमची तक्रार एकच. त्यांचा विनोद इतका अथक आहे की लंगडची कहाणी थट्टेच्या गर्दीत तुकड्यातुकड्यांनी येते आणि दोन तुकड्यांमध्ये वाचक तिला विसरतो. मंडळाच्या वाचनसत्रात ही कादंबरी घ्यायची झाल्यास लंगडचे प्रसंग निवडून सलग वाचावेत, अशी आमची सूचना आहे. तासाभरात होतील.