चौक सर्वांचा, घर दोघांचं

सिंगापूरची ‘कम्पुंग ॲडमिरल्टी’ ही ‘वोहा’ या वास्तुरचना-संस्थेची इमारत. तिथे ज्येष्ठांसाठी १०४ छोट्या सदनिका आहेत. त्याच आवारात सार्वजनिक चौक, खाद्यबाजार, दवाखाने, पाळणाघर आणि गच्चीवर बाग. २०१८मध्ये तिला ‘वर्ल्ड बिल्डिंग ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. मला तिचं खरं शहाणपण दिसतं ते असं : बाहेरची माणसं इथे म्हाताऱ्यांची विचारपूस करायला येत नाहीत, जेवायला, डॉक्टरकडे, मुलाला सोडायला येतात. म्हणून इथला वृद्ध कुणाच्या सेवाभावाचा विषय न होता गर्दीतलाच एक राहतो.

खटकतं ते घराच्या आत. एकाच खोलीत मुक्कामाला आलेल्या लेकीनं, नातवंडांनी झोपायचं कुठे? मलय भाषेत ‘कम्पुंग’ म्हणजे गाव. या गावानं चौकात सगळ्यांना जागा दिली. घरात मात्र दोघांपलीकडे कुणाला धरलेलंच नाही.